कधी धावायचं, कधी थांबायचं: लैंगिक आरोग्य, लैंगिक कल आणि लिंगभाव यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लैंगिक आरोग्यात उशिरामुळे फार नुकसान होतं. औषध घ्यायला ७२ तास हातात असतात आणि त्यातले साठ तास ‘कुणाला विचारू’ यातच जातात. उलट ‘मला कोण आवडतं’, ‘मी बाई की पुरुष की आणखी कुणी’ या प्रश्नांना कसलीच मुदत नसते. पण तिथं घरचे घाईनं स्थळं बघायला लागतात. म्हणून खालची उत्तरं वाचताना काय करायचं याबरोबरच त्यासाठी किती वेळ आहे, हेही पाहा.

काल रात्री कंडोम फाटला. आता काय करायचं?

दोन घड्याळं सुरू झाली आहेत: एक गर्भाचं, दुसरं एचआयव्हीचं.

गर्भ राहू नये म्हणून लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी लगेच घ्या. ती ‘आय-पिल’, ‘अनवॉन्टेड-७२’ अशा नावांनी औषध दुकानात मिळते, चिठ्ठी लागत नाही, जोडीदारानं जाऊन आणली तरी चालते. मुदत ७२ तासांची असली तरी बाराव्या तासाला घेतलेली गोळी सत्तराव्या तासापेक्षा जास्त भरवशाची असते, कारण ती स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग होत नाही. गर्भ राहिला असेल तर ती तो पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर गोळीचा जोर कमी पडतो. हे दुकानदार विचारत नाही, तुम्हीच लक्षात ठेवायचं. अशा वेळी, किंवा ७२ तास उलटले असतील तर, संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. पुढची पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. त्याहून लांबली, किंवा संबंधाला तीन आठवडे झाले तरी पाळी आली नाही, तर लघवीची चाचणी करा.

जोडीदाराला एचआयव्ही आहे, किंवा असण्याची शक्यता आहे आणि त्याची तपासणी झालेली नाही, तर ‘पेप’ हा औषधोपचार ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवा. जितका लवकर तितका चांगला. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तीन औषधांची एकत्र गोळी रोज एक, सलग २८ दिवस. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अपघात विभागात रात्रीही विचारता येतं. लैंगिक अत्याचार झाला असेल तर ती तिथं मोफत मिळायलाच हवी. इतर प्रसंगी तिथं नकार मिळाला तर त्यावर वाद घालत दोन दिवस घालवू नका, फिजिशियनची चिठ्ठी घेऊन विकत घ्या. लोह, कॅल्शियम किंवा अॅसिडिटीची औषधं या गोळीसोबत घेऊ नका. गोळी आधी दोन तास किंवा नंतर सहा तास घ्या, नाहीतर ती शरीरात नीट शोषली जात नाही. दहाव्या दिवशी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडली तर आधीचे दहा दिवस वाया जातात.

आणि आत डेटॉल, लिंबू, साबण काहीही घालू नका. शुक्रजंतू काही मिनिटांतच पुढे गेलेले असतात, आणि आतली नाजूक त्वचा सोलवटली की संसर्गाला वाट मोकळी होते.

मुळात कंडोम का फाटतो?

बहुतेक वेळा तेल, हवा किंवा उष्णता यांमुळे. आपल्याकडं सगळ्यात मोठा शत्रू खोबरेल तेल. लॅटेक्सला कुठलंही तेल, व्हॅसलीन, तूप लागलं की ते काही मिनिटांत कमकुवत होतं आणि फाटेपर्यंत कळतही नाही. ओलावा हवा असेल तर पाण्याचा आधार असलेली जेल घ्या. दुसरं कारण टोकात अडकलेली हवा. तिसरं, पाकिटात किंवा गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने पडलेला कंडोम. घामानं, उन्हानं त्याचं रबर मरतं.

पाकिटावरची मुदत बघा. पाकीट दाबून पाहा, आतली हवेची उशी जाणवली पाहिजे. नसेल तर ते कुठंतरी छिद्रलंय. दातानं फाडू नका. ताठरता आल्यावर आणि अंगाला अंग लागण्याआधी, टोक चिमटीत धरून, गुंडाळी बाहेरच्या बाजूला ठेवून मुळापर्यंत उलगडा. उलटा धरला गेला तर तो टाकून द्या, सुलटा करून वापरू नका, कारण टोकाला वीर्याचा थेंब लागलेला असू शकतो. वीर्यपतन झाल्यावर ताठरता जाण्याआधीच, मुळाशी कंडोम धरून बाहेर या. बहुतेक गळती इथं होते, फाटण्यामुळे नव्हे. एकावर एक दोन घातले तर घर्षणानं दोन्ही फाटतात. गुदमैथुनानंतर योनिसंबंध करायचा असेल तर कंडोम बदला.

इमर्जन्सी गोळी दर वेळी घेतली तर चालेल?

चालवू नका. ती घातक नाही, पण नेहमीच्या साधनांपेक्षा कितीतरी जास्त वेळा फसते आणि पाळीचा ताल बिघडवते. नेहमीसाठी माला-एन आणि छाया या गोळ्या, अंतरा हे इंजेक्शन आणि तांबी ही साधनं प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. गोळ्या आशाताईंकडंही असतात. माला-एनच्या पाकिटात २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या गोळ्या असतात. पांढरी, म्हणजे संप्रेरकाची, एक चुकली तर आठवल्याबरोबर घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतील. दोन किंवा जास्त चुकल्या तर गोळी सुरू ठेवून सात दिवस कंडोमही वापरा. छाया या गोळीत संप्रेरक नसतं: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. पस्तिशी ओलांडून सिगारेट ओढणाऱ्या, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमका येणाऱ्या किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या बाईनं माला-एन घेऊ नये.

‘सुरक्षित दिवस’ खरंच सुरक्षित असतात का?

पाळी घड्याळासारखी असेल तरच, आणि तेव्हाही जेमतेम. स्त्रीबीज जगतं फार तर एक दिवस, पण शुक्रजंतू शरीरात पाच दिवस टिकतात. हिशोब करायचाच तर आधी निदान सहा पाळ्यांची नोंद हवी. सगळ्यात छोट्या चक्रातून १८ वजा करा, सगळ्यात मोठ्यातून ११. चक्रं २६ ते ३२ दिवसांची असतील तर आठव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंत गर्भ राहू शकतो. म्हणजे महिन्यातले चौदा दिवस धोक्याचे! पीसीओडी असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल किंवा पाळी जाण्याचं वय आलं असेल तर हा हिशोब विसरा.

पाळी चुकली. गर्भ नको आहे. लग्न झालेलं नाही.

पाळीची तारीख उलटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी करा, आणि पाच मिनिटांनी पट्टी वाचा. अर्ध्या तासानं उमटलेली फिकट रेघ मोजायची नाही. चाचणी नकारार्थी आली आणि पाळीही आली नाही तर आठवड्यानं पुन्हा करा.

गर्भपात भारतात १९७१ पासून कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत लागतं, आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं. त्या परिस्थितीत अविवाहित स्त्रीही येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं. अठरा पूर्ण असतील तर सही फक्त तुमची. नवऱ्याची, वडिलांची संमती कायद्यात कुठंही नाही. रुग्णालय मागत असेल तर तो त्यांचा आग्रह आहे, कायद्याचा नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

मुलगी अठराच्या खाली असेल तर पालकाची संमती लागते आणि पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. या भीतीनं मुली गावठी उपाय करतात आणि जिवाला मुकतात. २०२२ च्या त्याच निकालानुसार, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांना पोलिसांकडं तिची ओळख उघड करावी लागत नाही. हे डॉक्टरांना माहीत नसेल तर त्यांना सांगा.

गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत चालतात, पण दुकानातून परस्पर आणून घेऊ नका. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर या गोळ्या त्याला काहीच करत नाहीत, आणि नळी फुटली की पोटात रक्तस्राव होतो. म्हणून आधी तपासणी हवी. घेतल्यावर रक्तस्राव होणारच. मात्र सलग दोन तास तासाला दोन मोठी पॅड भिजत असतील, किंवा ताप आणि दुर्गंध असेल, तर त्याच रात्री दवाखाना गाठा.

एचआयव्हीची तपासणी कधी करायची? दुसऱ्या दिवशी केली तर?

दुसऱ्या दिवशीचा अहवाल फक्त त्याआधीची स्थिती सांगतो. रक्तातल्या प्रतिजन आणि प्रतिपिंड दोन्ही शोधणाऱ्या चौथ्या पिढीच्या तपासणीचा निकाल ४५ दिवसांनी भरवशाचा असतो. साधी झटपट चाचणी असेल तर ९० दिवसांनी पुन्हा करा. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि अहवाल मालकाला किंवा शेजाऱ्याला सांगायला कायद्यानं मनाई आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

अहवाल सकारात्मक आला तर औषध ताबडतोब, मोफत आणि आयुष्यभर. रोज गोळी घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू मोजता न येण्याइतका कमी होऊन तसाच राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. लग्नाचं, मुलाचं सगळं शक्य आहे. हे अजूनही फार कमी घरांत पोचलंय.

लिंगावर फोड आला होता, दुखत नव्हता, आपोआप बरा झाला. मग कशाला दवाखाना?

हीच सिफिलिसची खोडी. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी (दहा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत कधीही) एक गोल, कडक कडा असलेली, न दुखणारी जखम होते. योनीत, गुदद्वारात किंवा तोंडात असेल तर दिसतही नाही. चार-सहा आठवड्यांत ती बुजते आणि माणूस सुटकेचा श्वास सोडतो. जंतू मात्र रक्तात असतो. पुढं तळहात-तळपायांवर न खाजणारे तांबूस डाग येतात, तेही जातात. वर्षांनंतर मेंदू, डोळे, हृदय धरतं. गरोदर बाईकडून बाळाला लागतं. निदान व्हीडीआरएल या स्वस्त रक्ततपासणीनं होतं. लवकरच्या टप्प्यात उपचार म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत निम्मं निम्मं, एकदाच. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. जोडीदाराचा उपचार त्याच आठवड्यात झाला नाही तर तोच आजार परत येतो.

लघवीला जळजळ आणि पू संबंधानंतर दोन ते सात दिवसांत आला तर बहुधा परमा, म्हणजे गनोरिया. क्लॅमिडिया हा दुसरा गुप्तरोग अनेकदा, आणि बायकांमध्ये बहुतेक वेळा, काहीच लक्षण न दाखवता गर्भनळ्या बंद करतो.

जांघेतली गोल, खाजणारी चकंदळं मात्र गुप्तरोग नसतात, ते गजकर्ण. त्यावर दुकानातून आणलेली ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब चोळू नका. त्यात क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासॉन हे स्टेरॉइड असतं: दोन दिवस खाज थांबते, आत बुरशी पसरते, कातडी पातळ होऊन पांढरे चिरे पडतात. स्टेरॉइड नसलेलं बुरशीचं मलम डाग गेल्यावरही दोन आठवडे लावायचं. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली चड्डी घालायची नाही, इस्त्री करून घाला.

अंगावरून पांढरं जातं. अशक्तपणा त्यामुळेच का?

पांढरं जाण्यानं अशक्तपणा येत नाही. अशक्तपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासा, कारण बहुधा तिथं सापडेल. पाळीच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखा, ताणला की तार निघणारा स्राव हे बीज सुटण्याच्या सुमाराचं लक्षण आहे. पाळीआधी तो थोडा घट्ट, दुधाळ होतो. बिघाड वासावरून, खाजेवरून आणि रंगावरून ओळखायचा. फाटलेल्या दुधासारखा चोथा आणि असह्य खाज म्हणजे बुरशी. ती वर्षातून चार वेळा होत असेल तर साखर तपासा. माशासारखा वास, विशेषतः संबंधानंतर, म्हणजे आतल्या चांगल्या जंतूंचा तोल गेलाय. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव असेल तर तो ट्रायकोमोनास असू शकतो आणि त्यात जोडीदाराचाही उपचार लागतो. योनी आतून स्वतःच स्वच्छ राहते, तिथलं आम्ल पीएच ३.८ ते ४.५ च्या आसपास असतं. सुगंधी ‘वॉश’ तेच बिघडवतो.

हस्तमैथुनानं, स्वप्नदोषानं ताकद जाते का? लघवीतून धात जाते.

ताकद जात नाही. ‘शंभर थेंब रक्ताचं एक थेंब वीर्य’ हे शरीरशास्त्रात कुठंच नाही. एका वेळचं वीर्य दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे चमचाभर. त्यातला बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथींचा द्रव. शुक्रजंतू अगदी थोडे, आणि ते वृषणात रोज तयार होत असतात. साठवलं तर झोपेत बाहेर पडतं, म्हणून स्वप्नदोषात दोष काहीच नाही. लिंग वाकडं होणं, डोळे खोल जाणं, पुढं मूल न होणं, यांतलं काहीही हस्तमैथुनानं होत नाही. काळजी फक्त दोन वेळा करायची: त्यापायी अभ्यास, काम, झोप सुटत असेल, किंवा गादीवर जोरात घासण्याची सवय लागून जोडीदारासोबत भावनाच येत नसेल.

लघवी गढूळ दिसते ती बहुधा फॉस्फेटच्या क्षारांमुळे. काचेच्या ग्लासात घेऊन व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाकले की निवळते. कुंथताना येणारा चिकट थेंब प्रोस्टेटचा असतो. या भीतीवर रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेले दवाखाने जगतात. त्यांच्या पुड्यांत काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं, आणि तेवढं कारण नकार द्यायला पुरेसं आहे.

प्रश्न जुनाच आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचक त्यांना पत्रांतून हस्तमैथुनाविषयी आणि समलिंगी संबंधांविषयीच विचारत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी कर्व्यांना दोनशे रुपये दंड झालाच.

लवकर वीर्यपतन होतं, आणि आता ताठरताही येत नाही. एकच आजार आहे का?

वेगवेगळे आहेत, पण एकाच्या भीतीनं दुसरं सुरू होतं. पहिल्यापासून दर वेळी मिनिटभरातच होत असेल तर त्याला शीघ्रपतन म्हणतात. चार-पाच मिनिटं टिकणं सामान्य आहे. पडद्यावर दिसतं ते चित्रण असतं. सराव असा: हातानं उत्तेजना द्या, वीर्य सुटण्याच्या जरा आधी थांबा, अर्धा मिनिट जाऊ द्या, पुन्हा सुरू करा. असं तीनदा, चौथ्यांदा होऊ द्या. आठवड्यातून तीन वेळा, काही आठवडे. मग तेच जोडीदारासोबत.

ताठरतेत आधी एक गोष्ट पाहा: पहाटे येते का? येत असेल तर यंत्रणा शाबूत आहे, कारण बहुधा ताण किंवा नात्यातलं आहे. हळूहळू सगळ्या वेळी कमी होत गेली असेल तर थांबू नका. लिंगाच्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबी साठते ती सगळीकडं, तुंबते आधी बारीक नळी. म्हणजे ताठरतेची तक्रार हृदयविकाराची काही वर्षं आधी आलेली सूचना असू शकते. रक्तदाब, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल तपासून घ्या. सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी मित्राकडून मागून घेऊ नका. छातीदुखीसाठी सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट घेणाऱ्यानं ती घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ताठरता चार तासांहून जास्त राहिली तर थेट अपघात विभाग.

पहिल्या रात्री रक्त आलं नाही.

येईलच असं काही नाही. योनिपटल म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेली, मध्ये आधीच मोकळी असणारी लवचीक कडा. म्हणून तर पाळीचं रक्त बाहेर येतं. काहींची ताणते, काहींची थोडी चिरते, काहींना जन्मतः जवळजवळ नसतेच. ती पाहून संबंध झाला की नाही हे कुठल्याही डॉक्टरला सांगता येत नाही. म्हणूनच बलात्काराच्या प्रकरणातली दोन बोटांची चाचणी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गैरवर्तन ठरवली. आपल्याकडं कंजारभाट समाजातल्या तरुणांनी पांढऱ्या चादरीच्या प्रथेविरुद्ध आवाज उठवल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारनं अशी कौमार्य चाचणी लैंगिक अत्याचार मानला जाईल, असं जाहीर केलं.

रक्त बहुतेकदा घाईचं येतं: ओलावा नसताना आत गेल्यानं. बाईच्या शरीराला तयार व्हायला वेळ लागतो आणि बहुतेक स्त्रियांना केवळ आत जाण्यानं परमसुख मिळत नाही. लघवीच्या जागेच्या वर असलेल्या शिश्निकेला स्पर्श लागतो. महिनोन्‌महिने बोटही आत जात नसेल, स्नायू आपोआप आवळत असतील तर ते व्हजायनिस्मस. त्याला श्वासाचा सराव आणि करंगळीपासून हळूहळू वाढवत नेणारे व्यायाम असतात. ओटीपोटाचे स्नायू जाणणारे फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात. जबरदस्तीनं ते वाढतं. खोलवर दुखत असेल आणि पाळीतही आडवं पडावं लागत असेल तर एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याची) तपासणी करा.

मी मुलगा आहे आणि मला मुलंच आवडतात. हा आजार आहे का? लग्न केलं तर जाईल?

आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ६ सप्टेंबर २०१८ पासून भारतात सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. बदलण्याचा उपचारही नाही. झटके, संप्रेरकांची इंजेक्शनं, ‘सरळ करणारं’ समुपदेशन यांनी कल बदलत नाही, माणूस मात्र मोडतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असे उपचार करणं डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. कुणी असा उपचार सुचवला तर तिथून उठून या.

लग्नानं जात नाही. त्यात एका मुलीचं आयुष्य फसवून वापरलं जातं, हे स्पष्टच सांगायला हवं. घरच्यांना आज सगळं सांगता येत नसेल तर सांगू नका. पण ‘मला लग्न करायचं नाही’ एवढ्यावर घट्ट राहा. सांगण्याआधी स्वतःची कमाई, राहायची एक जागा आणि पाठीशी उभा राहील असा एक माणूस पाहून ठेवा. समलिंगी विवाहाला मात्र कायद्यानं मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयानं ते संसदेवर सोडलं. म्हणून जोडीदारासाठी मृत्युपत्र आणि बँक-विम्याची नामनिर्देशनं वेळीच करून घ्या.

समलिंगी, तृतीयपंथी, पारलिंगी, इंटरसेक्स: यांत फरक काय?

कोण आवडतं, तो लैंगिक कल: समलिंगी, उभयलिंगी, भिन्नलिंगी, किंवा कुणाविषयीच आकर्षण नसणारे अलैंगिक. मी स्वतःला कोण समजतो किंवा समजते, तो लिंगभाव. जन्माच्या वेळी लिहिलेल्या लिंगाशी तो जुळत नाही त्या व्यक्ती पारलिंगी. तृतीयपंथी हा आपला रुळलेला आणि सरकारी शब्द. हिजडा ही गुरु-चेल्यांची परंपरा असलेल्या समाजाची ओळख, तर जोगते हे यल्लमाला सोडलेले. ही सगळी एकच माणसं नव्हेत, कुणाला काय म्हणायचं ते त्यांनाच विचारा. शरीराची जडणघडणच ठरलेल्या दोन साच्यांत बसत नाही ते इंटरसेक्स.

सहा वर्षांचा मुलगा ओढणी घेऊन नाचतो, एवढ्यावरून यातलं काहीही ठरत नाही. त्याला नाचू द्या.

मी पारलिंगी आहे. संप्रेरकं कुठून सुरू करायची? मैत्रीण म्हणते, माला-डी घे.

घेऊ नका. संततिनियमनाच्या गोळ्यांत इथिनिल इस्ट्राडिऑल असतं, आणि लवकर बदल हवा म्हणून लोक दिवसाला चार-सहा गोळ्या खातात. त्यानं पायात रक्ताची गुठळी होते, ती फुप्फुसात गेली तर मृत्यू ओढवतो. एका पोटरीला सूज, दुखणं, अचानक धाप ही लक्षणं दिसली तर तासाचाही उशीर नको. डॉक्टर इस्ट्राडिऑल हे वेगळं रूप देतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. स्तन दोन-तीन वर्षं वाढत राहतात. आवाज मात्र इस्ट्रोजेननं बारीक होत नाही, त्याला आवाजाचा सराव लागतो. टेस्टोस्टेरॉननं काही महिन्यांत आवाज फुटतो आणि तो परत येत नाही. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, म्हणून साधन वापरा. पुढं मूल हवं असेल तर शुक्रजंतू किंवा बीज साठवण्याचं सुरुवातीआधी ठरवा. छाती बांधायला क्रेप बँडेज वापरू नका, श्वासागणिक ते आवळत जातं. बाइंडर, म्हणजे छाती सपाट करणारा खास कपडा, आठ तासांच्या वर नाही आणि झोपताना नाहीच. दाईकडून लिंग छाटून घेण्यात रक्तस्राव आणि लघवीची वाट आकसणं हे धोके आयुष्यभराचे आहेत.

कागदपत्रांचा पाया म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा नालसा निकाल आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा. ओळखपत्र जिल्हाधिकारी देतात, अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो. अटी बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवरचे नियम वाचा. शासन राजपत्रातलं नाव, आधार, पॅन आणि गुणपत्रिका यांत एका अक्षराचाही फरक राहू देऊ नका. सगळ्यात जास्त अर्ज तिथं अडकतात.

बाळ मुलगा की मुलगी ते स्पष्ट दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

इथं धावणं आणि थांबणं दोन्ही एकदम लागतं. घाई एका तपासणीची. अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात दोष असेल तर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात शरीरातलं मीठ निघून जातं: बाळ दूध ओढत नाही, उलट्या करतं, वजन उतरतं, आणि दोन दिवसांत दगावू शकतं. म्हणून रक्तातलं १७-ओएचपी हे संप्रेरक, सोडियम, पोटॅशियम लगेच तपासा. हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि मीठ वेळेवर मिळालं तर मूल धडधाकट वाढतं.

शस्त्रक्रियेची घाई मात्र बहुतेकदा नसते. लघवीची वाट मोकळी असेल तर फक्त ‘नीट दिसावं’ म्हणून काहीही कापू देऊ नका. ते मूल मोठं होऊन स्वतः ठरवेल. तमिळनाडूनं २०१९ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, तान्ह्या मुलांवरच्या अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली.

एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूची) लस फक्त मुलींसाठी आहे का?

मुलांसाठीही. पुण्यात बनणारी सर्व्हाव्हॅक ९ ते २६ वर्षं वयाच्या दोघांनाही देता येते: १४ पर्यंत सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस, १५ नंतर तीन (सुरुवातीला, दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात). संबंध सुरू होण्याआधी घेतली तर पुरेपूर उपयोग. लस घेतली तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करायचीच.

सरकारी रुग्णालयात जायला लाज वाटते. खिडकीवर काय सांगायचं?

केसपेपरच्या खिडकीवर फक्त ‘स्किन’ म्हणा. त्वचा आणि गुप्तरोग विभाग एकच असतो, मागे उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही खरजेसाठी आलात की कशासाठी ते कळत नाही. बायकांनी ‘स्त्रीरोग’ म्हणावं. आत गेल्यावर ‘सुरक्षा क्लिनिक’ची पाटी शोधा, तिथं समुपदेशक बसतात आणि औषधांची रंगीत पाकिटं मोफत देतात. किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक वेगळं असतं. डॉक्टरांपुढं बसल्यावर शब्द फुटत नसतील तर तीन ओळी कागदावर लिहून न्या: काय होतंय, कधीपासून, शेवटचा संबंध कधी आणि कंडोमशिवाय होता का. कागद पुढे केला तरी तपासणी सुरू होते.